अंदाज बरोबर, कारण चूक

डॉ. शरयूताई ढोमणे यांच्याशी माझी ओळख झाली ती संशयातूनच. त्यांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात हे कबूल करणे मला भाग आहे. नागपुरातल्या आमच्या महाविद्यालयात मी अर्थशास्त्राचा तात्पुरता अधिव्याख्याता म्हणून रुजू झालो, तेव्हा ताई समाजशास्त्र विभागाच्या प्रमुख होत्या. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारले, "राऊत सर, तुमच्या वर्गातली किती मुले वर्षअखेरपर्यंत टिकतील?" मी एक आकडा ठोकून दिला. ताईंनी तो एका वहीत उतरवला आणि खाली माझी सही घेतली. मला कायम करायचे की नाही, हे ठरवणाऱ्या समितीत ताई होत्या. माझ्याविरुद्ध पुरावा गोळा होतो आहे, हे मी तिथेच ठरवून टाकले.

त्या वहीत सगळ्यांचेच अंदाज असत, हे पुढे कळले. तरी संशय गेला नाही.

त्याच सुमारास हिंगण्याच्या एका कारखान्याने महाविद्यालयाकडे अहवाल मागितला. आसपासच्या गावांतल्या बायका तिथे कामाला फारशा येत नव्हत्या. कारखान्याने पगार वाढवला आणि त्याच महिन्यात गावापर्यंत बसही सुरू केली. आता बायका येतील का, आणि आल्या तर कशामुळे, हा प्रश्न होता. ताईंनी चार विभागांना एका टेबलाभोवती बसवले. मानसशास्त्राचे सहकारी म्हणाले, विचारल्यावर बायका हो म्हणतील, पण घरातून निघणार नाहीत. संख्याशास्त्राचे म्हणाले, आजवर आल्या तितक्याच येतील. वेगळे मानायला आधार दाखवा. मी म्हणालो, पगार वाढला, त्या येणारच. ताईंचे मत होते की घरची माणसे पाठवणार नाहीत. प्रत्येकाने आपला अंदाज आणि त्यामागचे कारण लिहून दिले.

सहा महिन्यांनी पाहिले, तर बायका भरभरून आल्या होत्या. ताईंनी सर्वांत आधी स्वतःची चूक मोठ्याने वाचून दाखवली. मग म्हणाल्या, "राऊत सरांचा अंदाज बरोबर आहे. त्यांचे कारण मात्र तपासायचे राहिले."

मला संताप आला. समितीची बैठक तोंडावर होती आणि या बाईंना मला बरोबर ठरू द्यायचे नाही, असेच वाटले. कारखान्याच्या व्यवस्थापकांना माझे कारण पसंत होते. पगारानेच काम होत असेल, तर बस बंद करता येईल, असे त्यांनी मला बोलूनही दाखवले होते. त्यात मला काही गैर दिसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ताई मला हिंगण्याला घेऊन गेल्या. कोणाला तरी पढवून ठेवले असणार, अशी माझी खात्री होती. फाटकापाशी पोहोचल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "कोणाला विचारायचे ते तुम्ही निवडा." पाळी सुटली होती. मी मुद्दाम सगळ्यांत मागून येणाऱ्या बाईंना थांबवले. त्यांचे नाव वंदनाबाई.

"पगार वाढला म्हणून येता ना?" मी विचारले.

"तितकाच पगार बाजूची कंपनीबी देते, सर. तिकडं आमच्यातली एकबी काहून जात नाई?"

"काहून?"

"त्यांची गाडी नाई. तिकडं जाऊन राहिलो असतो, तं कोणाच्यातरी मोटरसायकलवर बसा लागलं असतं. मंग गावाले बोलाले विषय. ही गाडी चौकात थांबते. सासू सोता बसवून देते मले." मग माझ्याकडे रोखून पाहत त्यांनी विचारले, "गाडी बंद करून राहिले का तुमी?"

मी आणखी पाचजणींना विचारले. चौघींनी बसचेच नाव घेतले. ताई लांब उभ्या होत्या. परतल्यावर मी अहवालातले माझे कारण खोडले आणि बस चालू ठेवण्याची शिफारस लिहिली. व्यवस्थापक नाराज झाले, पण बस राहिली. आज तिथे दोन बस जातात.

मला कायम करण्यात आले. बैठकीत ताईंनी ती वही उघडलीच नाही, असे एका सदस्यांनी सांगितले, तेव्हाही माझा विश्वास बसला नाही. मी ताईंना थेट विचारले. त्या म्हणाल्या, "ती वही माणसे तोलायला नाही, सर. आपण कसकसे चुकतो ते पाहायला आहे. माझी पाने सगळ्यांत जास्त आहेत."

पुढे माझे वडील दवाखान्यात होते, तेव्हा ताई पंधरा दिवस डबा घेऊन येत होत्या. यांना माझ्याकडून काय हवे असेल, हा विचार तेव्हाही मनात आला, याची आज लाज वाटते. न राहवून मी म्हणालो, "ताई, एवढे कशासाठी?"

"तुम्हाला स्वयंपाक येत नाही म्हणून," त्या म्हणाल्या. "आणखी कारण शोधू नका."

संशय घ्यायचा तो आधी स्वतःच्या खात्रीचा, हे मी ताईंकडून शिकलो, तेही फार उशिरा. हल्ली त्यांचे गुडघे दुखतात, तरी नव्या संशोधकांना घेऊन त्या कन्हान-खापरखेड्याच्या वस्त्यांत जातात. ताईंचे पाय असेच चालते राहोत आणि त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. हा माझा अंदाज नाही, इच्छा आहे. तिला आधार काय, असे ताई विचारतील. या वेळी मी तो देणार नाही.