आलो हं, मी आहे

मी नालबंद. घोड्यांचे पाय धरणं हा माझा धंदा आणि माणसांचे पाय धरायची वेळ माझ्यावर कधी आली नाही, याचा मला थोडा माज आहे. तोंडाने मी फटकळ. त्यात नकला करायची खोड. तबेल्यातल्या प्रत्येक माणसाची नक्कल मी करतो आणि त्यात सगळ्यांत जास्त हशा मिळवायची ती आलोबाची.

आलोबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो मोतद्दार. घोड्याला खरारा करायचा, खायला घालायचं, फिरवून आणायचं, हे त्याचं काम. घोड्याच्या मागून कधी मुकाट जायचं नाही, आधी आवाज द्यायचा, ही आमच्याकडची पहिली शिकवण. मागे कोण आहे हे कळलं नाही, तर घोडा आधी लाथ झाडतो आणि मग वळून बघतो. म्हणून ज्याचा त्याचा आवाज ठरलेला असतो. कुणी चुचकारतं, कुणी शीळ घालतं, मी सरळ शिवी देतो. हा म्हणायचा, "आलो हं. मी आहे." 'आलो' जरा लांबवलेला आणि 'मी आहे' अगदी खालच्या पट्टीत, झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण घालताना बोलावं तसं.

तबेल्यात हे ठीक. पण हा गडी दुकानाच्या रांगेतसुद्धा पुढच्याच्या पाठीशी जाऊन "आलो हं, मी आहे" म्हणायचा. पुढची बाई दचकून वळायची आणि हा आपल्या नात्यातला कोण, म्हणून बिचारी आठवत बसायची. एकदा न्हाव्याच्या मागून जाताना तेच म्हणाला आणि खुर्चीतल्या गिऱ्हाइकाचा एक कल्ला कानाच्या वर गेला. तेव्हापासून आलोबा.

उमेदीत तो शर्यतीच्या मैदानावर होता. जॉकी व्हायची फार हौस. पण जॉकी हवा मूठभर वजनाचा आणि हा हाडापेराने दणकट. उपाशी राहून पाहिलं, हाडं काही कमी होईनात. मग सकाळची रपेट त्याच्याकडे आली. शर्यतीचा घोडा लोकांपुढे पळतो तो डोळ्याचं पातं लवेपर्यंत. बाकी त्याचं सगळं आयुष्य पहाटेच्या रपेटीत जातं, रिकाम्या खुर्च्यांसमोर. आलोबाचंही तसंच गेलं. तिथे एक करडी शिंगरी आली. चालायची अशी की सगळ्यांनी वाट सोडावी, म्हणून याने तिचं नाव ठेवलं बाईसाहेब.

बाईसाहेब एकदाच जिंकली. त्या दिवशीचा फोटो आलोबाच्या खोलीत आहे. मधे घोडी, वर जॉकी, बाजूला मालक आणि मालकाचे सगेसोयरे दात काढून उभे. दोर धरलेला आलोबासुद्धा फोटोत आहे, पण मनगटापर्यंतच.

पुढे तिच्या पायाची शीर दुखावली आणि शर्यती संपल्या. मग तिला सोबतीचं काम लागलं. तरणे घोडे शर्यतीआधी बिथरतात, घामाघूम होतात. शेजारून एखादं शांत, पोक्त जनावर चालत असलं की निवळतात. सुटायच्या जागेपर्यंत त्यांना पोचवायचं आणि आपण मागे फिरायचं. आलोबा तिचा दोर धरून परतायचा आणि त्याच्या पाठीमागे शर्यत सुटायची. आरडाओरडा ऐकू यायचा, पण हा वळून बघायचा नाही. वळला तर तीही वळली असती आणि तिचा जीव पळायला आतुर झाला असता.

मैदानाला ती नकोशी झाल्यावर एका लाकडाच्या वखारीने तिला गाडी ओढायला घेतलं. आलोबाने मैदानावरची चांगली चाकरी सोडली आणि वखारीत गाडीवान झाला. पुढे वखारीने टेम्पो घेतला आणि घोडी गेली घोडेस्वारी शिकवायच्या शाळेत. हा तिथे मोतद्दार होऊन हजर. शाळेत मुलं शिकायला यायची आणि डॉक्टरांनी पाठीसाठी, पोटासाठी व्यायाम सांगितलेली मोठी माणसंही यायची. बाईसाहेब सगळ्यांना सारख्याच कंटाळ्याने वाहून आणायची.

त्याची बायको मोठी बोलकी बाई. ती मला म्हणाली होती, "भावजी, लोकांच्या नोकरीत बदल्या होतात. यांच्या घोडीच्या बदल्या होतात, आणि बिऱ्हाड आम्ही हलवतो." मग ती लेकीच्या बाळंतपणाला गेली. नात शाळेत जायला लागली तरी बाळंतपण आटोपलेलं नाही. भांडण नाही, तंटा नाही, अधूनमधून फोन येतो. तिथे बोलायला माणसं आहेत, असं ती म्हणते, आणि त्यात खोटं काय?

एकदा मी त्याच्याबरोबर त्याच्या खोलीवर गेलो होतो. त्याने कुलूप काढलं, दार ढकललं आणि अंधारात पाऊल टाकायच्या आधी म्हणाला, "आलो हं. मी आहे."

"कुणाला सांगतोस?" मी म्हटलं. "कुलूप तूच घातलं होतंस ना?"

"सवय," तो म्हणाला. दिवा लावला, स्टोव्ह पुसला, मग म्हणाला, "कुणी असलंच आत, तर दचकायला नको."

खोलीत एक कॉट, एक खुर्ची, खिळ्याला दोन सदरे. दचकण्यासारखं कुणी नव्हतं.

म्हातारपणी बाईसाहेबांची नजर गेली. आधी एक डोळा दुधाळला, मग दुसरा. आंधळं जनावर कशालाही बुजतं. पत्रा वाजला, बादली सरकली, की हिचं अंग ताठ. पण लांबून "आलो हं" ऐकू आलं की मान खाली यायची, खालचा ओठ लोंबायचा आणि कान त्या बाजूला वळायचे. त्या आवाजावर ती चालायची, वळायची, पाय उचलून द्यायची. आलोबा माझ्याकडे असा बघायचा, जणू ती शर्यत पुन्हा जिंकून आली आहे. "ओळखते मला," म्हणायचा. एवढंच त्याचं वैभव.

आणि नेमका त्याचाच आवाज बसला.

"गार पाणी प्यायलोय," तो घोगऱ्या आवाजात म्हणायचा. "बसलाय, उठेल." मी त्या घोगऱ्या आवाजाचीही नक्कल करून दाखवली. पण बसलेला आवाज काही उठला नाही. इस्पितळात तपासण्या झाल्या आणि प्रकरण गळ्याशी आलं ते अगदी शब्दशः. डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढून टाकली. जीव वाचला. गळ्याला एक भोक राहिलं, श्वास तिथूनच. त्यावर तो रुमाल बांधू लागला. बोलणं संपलं. बायको येऊन राहिली, सेवा केली, टाके सुकल्यावर परत गेली.

तो कामावर आला तोवर शाळा चालवणाऱ्या मॅडमनी ठरवून टाकलं होतं. बाई वाईट नव्हे. तिचंही खरंच होतं. "घोडी आंधळी आणि तुम्हाला आवाज नाही," ती म्हणाली. "उद्या कुणाचं डोकं फुटलं तर मी काय उत्तर देऊ? डोंगराकडे एक म्हाताऱ्या घोड्यांचं कुरण आहे. चांगले लोक आहेत. तिला नीट ठेवतील."

आलोबाने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मी?

"ते घोडे ठेवतात हो, माणसं नाही ठेवत."

आलोबा उभा राहिला तो राहिलाच. हात जोडले नाहीत, डोळे पुसले नाहीत, नुसता उभा. शेवटी मॅडमच वरमली. ती म्हणाली, "बरं. नालबंद येईल तेव्हा बघू. तुम्ही तिला धरा. नीट उभी राहिली तर राहू दे इथेच. नाही तर मात्र मला आग्रह करू नका." त्याने मान हलवली. त्याला खात्रीच होती. आवाज नसला म्हणून काय झालं, ती ओळखेल.

मी हत्यारं घेऊन पोचलो तेव्हा बाईसाहेब आपल्या खणात भिंतीकडे तोंड करून उभी होती. मॅडम दाराशी, शाळेतले दोघंतिघं मोतद्दार कडेला. आलोबा पुढे झाला. त्याच्या अंगाला औषधाचा वास येत होता आणि गळ्याच्या भोकातून श्वास शिट्टीसारखा वाजत होता. तिचे कान मागे पडले. याने तोंड उघडलं, ओठ हलवले. नुसती हवा. मग मांडीवर थाप मारली, जमिनीवर पाय आपटला. तिने दोन्ही मागचे पाय उचलले आणि कडेच्या फळीवर अशा लाथा झाडल्या की फळी मधोमध फुटली.

"बघितलंत?" मॅडम म्हणाली.

आलोबाने बघितलं होतं. तरी तो पुन्हा पुढे निघाला, सरळ तिच्या मागच्या पायांकडे. ओठ हलतच होते. त्याला ओढायला मी फार लांब होतो आणि काय करावं ते सुचत नव्हतं. माझं तोंड आपोआप उघडलं आणि त्यातून ती नक्कल बाहेर पडली. 'आलो' लांबवलेला, 'मी आहे' खालच्या पट्टीत.

"आलो हं. मी आहे."

त्या नकलेवर कुणी हसलं नाही, असं पहिल्यांदाच झालं. बाईसाहेबांची मान खाली आली. ओठ लोंबला. कान वळले, माझ्याकडे. आलोबाने जाऊन तिच्या तोंडावरची मोरकी धरली आणि मी कानशीने खूर घासता घासता तेच शब्द बडबडत राहिलो. चारही नाल बसले, घोडीने कान हलवला नाही.

मॅडम खूश. "मग प्रश्नच मिटला! हे तर कुणालाही शिकवता येईल." शिकवलंही. मोतद्दार शिकले, मॅडम स्वतः शिकली. ती ते शाळेत कविता म्हणावी तसं म्हणते, पण चालतं. घोडी राहिली. मी सगळ्यांना चहा पाजला, म्हणजे मॅडमच्या नावावर सांगितला. आलोबा कप हातात धरून बघत होता. एका मोतद्दाराने "आलो हं" म्हटलं आणि बाईसाहेबांनी मान लांब करून त्याच्या खांद्यावर ठेवली. आयुष्यभर ज्या खांद्यावर ठेवली होती, तो खांदा शेजारीच उभा होता.

दुसऱ्या दिवशी आलोबा आला नाही. त्यानंतरही आला नाही. मॅडम म्हणाली, दमला असेल. दमला कसला? इतकी वर्षं त्याला वाटत होतं ती आपल्याला ओळखते, आणि ती ओळखत होती त्या चार शब्दांना. मला वाईट वाटलं. मला सहसा वाटत नाही, म्हणून दोन दिवस नुसतीच चिडचिड केली, आणि मग एका दुपारी उठून त्याच्या खोलीवर गेलो.

दार लोटलेलं होतं. तो कॉटवर दाराकडे पाठ करून बसला होता, त्या फोटोसमोर. स्टोव्ह थंड. मागून जाऊन पाठीत एक धपका घालावा, हा माझा नेहमीचा रिवाज. हात उचललाही होता. पण ती पाठ बघितली आणि उंबऱ्यातच थांबलो.

"आलो हं," मी म्हटलं. "मी आहे."

त्याच्या पाठीवरचा सदरा हलला. बराच वेळ तो वळला नाही. या दारातून त्याने ते किती वेळा म्हटलं असेल देव जाणे, पण त्याला ते कुणी म्हटलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

तो वळला तेव्हा डोळे लाल होते. मी खुर्ची ओढून बसलो आणि तोंड सोडलं.

"हे बघ. ती तुला ओळखते की नाही, मला माहीत नाही. मी घोडी नाही. पण मी माझ्या आवाजात काही म्हटलं तर ती मला लाथ घालते, हे तुला ठाऊक आहे. मॅडमला घालते. सगळ्यांना घालते. सगळे तुझा आवाज काढतात तेव्हा कुठे ती उभी राहते. मग आवाज कुणाचा झाला? ऊठ. तिचा एक खिळा सैल झालाय. तू धर, मी बोलतो."

त्याने आपल्या गळ्याकडे बोट केलं, मग माझ्या तोंडाकडे, आणि कपाळाला हात लावला. हे तोंड नशिबी यावं, असा त्याचा अर्थ. मी म्हटलं, "हो, तेच. चप्पल घाल."

तबेल्यात तिसऱ्या प्रहरी कुणी नसतं. तो खणाच्या तोंडाशी उभा राहिला आणि तिथून पुढे पाऊल टाकेना. मी बाजूने म्हटलं, "आलो हं. मी आहे." बाईसाहेबांचे कान वळले ते माझ्याकडे. त्यानेही ते बघितलं. मग मी दोन पावलं सरकून बरोबर त्याच्या पाठीमागे जाऊन उभा राहिलो, त्याच्या खांद्याला हनुवटी लागेल इतका जवळ, आणि पुन्हा म्हटलं.

कान वळले. आता ते त्याच्याकडे होते. तिने मान लांब केली आणि त्याच्या छातीवर टेकवली, रुमालाच्या खाली. मी म्हणत राहिलो, "आलो हं. मी आहे." त्याने डोळे मिटले होते. त्याच्या खांद्यावरून मला त्याचा फक्त एक गाल आणि ओठांचा कोपरा दिसत होता. माझ्या प्रत्येक शब्दाबरोबर त्याचे ओठ हलत होते.