फ्रेयाला दिलेली पानं

करडी गावच्या भैय्यालालची लेक रत्नमाला इंग्लंडला शिकायला निघाली, तेव्हा गावानं तिचा बॅनर लावला. सरकारी शिष्यवृत्ती, परदेशी विद्यापीठ, विषय पाण्याचं नियोजन. गावाला आणखी काय पाहिजे? तिकडं मात्र पोरीला काळं कुत्रं विचारत नव्हतं. वर्गात गट पाडा म्हटलं की गोरी मुलं डोळ्यांनीच एकमेकांना निवडून मोकळी, आणि ही आपली भिंतीजवळ उभी. खोली आणि लायब्ररी, लायब्ररी आणि खोली. कित्येक दिवस तिच्या तोंडून दुकानदाराला म्हटलेल्या 'थँक्यू'पलीकडं शब्द निघायचा नाही.

मग एका कामात फ्रेया नावाची तिथलीच मुलगी तिच्या जोडीला आली. नदीची मोजणी दोघींनी मिळून करायची, अहवाल मात्र ज्याचा त्यानं लिहायचा. फ्रेया हसून बोलायची, कॉफी पाजायची. रत्नमाला तेवढ्यावरच हरखून गेली. पुढं फ्रेयाची आई आजारी पडली आणि तिचं लिहिणं मागं पडलं.

आता रत्नमालेची आई पंचफुला ही जन्माची रोवण्याची बाई. चिखलात धान रोवताना बाया ओळीनं सरकतात, प्रत्येकीची आपली पात. एखादी मागं राहिली तर शेजारणी काही न बोलता तिच्या पातीत हात घालतात आणि तिला बरोबरीला आणतात. पोरगी हे बघतच मोठी झाली. तिनं आपली लिहिलेली पानं सरळ फ्रेयाला पाठवली. आणि फ्रेयाबाईंनी ती आपल्या अहवालात जशीच्या तशी उतरवली. आता बोला!

विद्यापीठानं दोन्ही अहवाल ताडून पाहिले आणि नक्कल रत्नमालेनंच केली असं धरलं. फ्रेया गप्प बसली. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय? तेवढ्यात कोरोना आला, पोरगी घरी परतली, आणि चौकशी मोबाईलवर, व्हिडिओ कॉलनं करायचं ठरलं. त्याआधी विद्यापीठातल्या एक मॅडम फोनवर फार गोड बोलल्या. तुमच्याकडच्या मुलांचं इंग्रजी कच्चं असतं, आम्ही समजून घेतो, म्हणाल्या. चूक कबूल कर, पुन्हा लिहून दे, पास होशील. वाद घातलास तर डिग्री जाऊ शकते.

गावात नेटवर्क धरायचं ते तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर. आईबाप रोवण्याला गेलेले. रत्नमाला एकटीच जाऊन बसली. कबूल करावं आणि सुटावं, असं तिला फार वाटत होतं. पण तोंडून निघालं ते खरंच निघालं. पानं माझी आहेत, फ्रेया मागं राहिली होती म्हणून मी तिला दिली, एवढंच ती सांगत राहिली. पलीकडं चौकशीला बसलेल्या तिघांना ते काही केल्या पटेना. शेवटी त्यांनी नवा प्रश्न घातला आणि आमच्यासमोर लिही म्हणाले. तिनं तिथंच लिहिलं, वाचून दाखवलं. तिघंही खूश झाले. इंग्रजी चांगलं आहे की तुझं, असंही एकजण म्हणाला.

रत्नमालेनं विचारलं, "फ्रेयालाही असंच लिहायला लावलं का?"

 तिघांतल्या मधल्या बाई म्हणाल्या, "तिच्या बाबतीत तशी गरज वाटली नाही."

लिहिलेलं दुसऱ्याला देणं हाही गुन्हाच, म्हणून रत्नमालेचे गुण कापले, पण पास केलं. फ्रेयाला नुसती समज दिली.

संध्याकाळी पंचफुला घरी आली. लेकीचे डोळे रडून लाल झालेले तिला दिसले.

"पास झाली ना वं?"

"झाली."

"मंग रडून काहून राहिली?"

"मीच लिहिलं, हे मले लिहून दाखवा लागलं, माय. तिले नाही लागलं."

पंचफुलाला ते नीटसं उमगलं नाही. पोरगी पास झाली, तिला तेवढं पुरे होतं. हातपाय धुऊन ती शेजारी सांगायला गेली, आणि बाहेर बायांचं हसणं ऐकू येऊ लागलं. आत रत्नमालेनं फोन पाहिला. फ्रेयाचा एक शब्दही आलेला नव्हता. साऱ्या इंग्लंडात तिला तेवढी एकच मैत्रीण मिळाली होती.