मालनबाईचा मुराळी

"कुलूप ठिव तिकडं, सुलक्षणा. एकदा हिंडून आली म्हंजी दिसभर गप बसती ती. दावणीची म्हस हाय व्हय, बांधून घालायला?"

"मला काय हौस हाय का, आबा? तुमच्याच लेकानं आणलंय. परवा तुम्ही उठायच्या आधीच निघून आत्या पार डांबरीला गावल्या. उसाच्या ट्रॅक्टरखाली आल्या असत्या तर?"

सोपानराव सुनेपुढून उठले. काठी घेतली, टोपी झटकली. कुलूप नवंकोरं, किल्लीसकट खिडकीत पडलेलं. ज्ञानेश रांजणगावच्या कंपनीतून रात्री येताना घेऊन आला होता. बापाला त्यानं सरळ सांगितलं होतं, तुमचा फेरा चालतोय तोवर चालू द्या, पण ज्या दिवशी फेरा फसेल त्या दिवसापासून आई दाराआड.

मालनबाई तोवर गठुडं काखेत मारून अंगणात उभ्या होत्या. गठुड्यात एक लुगडं आणि भावजयीला म्हणून मूठभर शेंगा.

दोन वर्षांपूर्वी चहात मीठ पडायला लागलं. मग नातवंडांची नावं गेली, मग लेकाचं, मग नवऱ्याचं. मागं राहिली ती फक्त कासुर्डी. कासुर्डी म्हणजे बाईंचं माहेर, भीमेच्या पल्याड, दौंड तालुक्यात. रोज सकाळी चहा झाला की बाई निघायच्या माहेराला. सुरुवातीला घरच्यांनी समजावून बघितलं. आईबाप कवाच गेले, भाच्यांनी घर विकलं, तिथं आता टायरींचं गोडाऊन झालंय. पण सांगितलं की बाई ऊर बडवायच्या. त्यांची आई त्या दिवशी नव्यानं मरायची. दुसऱ्या दिवशी विसरून पुन्हा विचारायच्या, पुन्हा मरायची. खरोखर मेली तेव्हा मालनबाईंना जाता आलं नव्हतं. आजाराचा निरोप आला तेव्हा शेतात कांदा उकरून पडलेला, आणि सोपानरावांचे वडील म्हणाले होते, "कांदं झालं का धाडतो." त्यांच्यापुढं बोलायची त्या घरात कुणाची छाती नव्हती. कांदा झाकून बाई पोचल्या तेव्हा तिकडं दहावंसुद्धा उरकलं होतं.

एके दिवशी कंटाळून सोपानराव म्हणाले, चल, सोडतो. बाई पुढं, हे मागं. फॉरेस्टातून, मेंढक्यांच्या वाड्यावरून, नदीकाठच्या पाणथळ चिबडापर्यंत. पुढं पाणी. तिथून त्यांनी बाईंना बांधाबांधानं वळवलं, माळवाडीला वळसा घातला आणि उसाच्या कडेनं आपल्याच वस्तीच्या पिछाडीला आणून सोडलं. त्या बाजूनं बाईंनी घर ओळखलंच नाही. शेवग्याचं झाड दिसलं, विहीर दिसली, आणि बाई हसल्या, "आलं बाई घर." सुलक्षणा पोरगी हुशार. ती काय समजायचं ते समजली. पायावर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, माहेरवाशिणीला आत घेतलं. त्या दिवशी मालनबाई पोटभर जेवल्या.

तेव्हापासून हा फेरा रोजचा झाला. नवरा आठवत नसल्यानं बाईंच्या लेखी सोपानराव मुराळी होते, माहेराहून न्यायला आलेला भाऊ. त्या त्यांना दादा म्हणायच्या. साठ वर्षांच्या संसारात नवऱ्याशी बोलल्या नसतील इतकं ह्या दादाशी बोलायच्या. सासऱ्याची कागाळी, सासूची कागाळी, आणि कधीमधी नवऱ्याचीही. तो वाईट नाही, म्हणायच्या, पण तोंडाला कुलूप. सोपानराव ऐकून घ्यायचे.

आजही तसंच निघाले. फॉरेस्टात बाभळींखाली धुरळ्यात बिबट्याचे ताजे ठसे होते, म्हणून त्यांनी मोबाईलवर रेडिओ मोठा केला. वाड्यावर गेणबा मेंढरं मोजून सोडत होता. त्याला सगळं ठाऊक.

"काय आबा, निघाला का नवरी घिऊन? बगा हां, सासरचं मागं लागतील."

"लागूं दे की. काठी कशाला हाय?"

मालनबाई तोंडाला पदर लावून हसल्या. वाटेत सांगत राहिल्या, आईनं यंदा गोधडी शिवली असंल, वासरू दूध प्यायचं सुटलं असंल.

चिबडाशी आलं की बाईंचा एक नेम होता. लव्हाळ्याचा वास आला, बगळे दिसले, की डोक्यावरचा पदर खांद्यावर घ्यायचा. माहेरच्या शिवेत लेक डोकं झाकत नाही. तो पदर खाली आला की सोपानरावांना कळायचं, आजचा दिवस निभावला.

आज बाईंचा हात पदराला गेला आणि तिथंच थांबला.

बांध नव्हता. चिबडाच्या मालकानं पाणी काढायला पोकलेन आणून चर मारला होता, थेट नदीपर्यंत, पुरुषभर खोल. काळं पाणी भरलं होतं. वरच्या अंगाला उसाभोवती विजेच्या झटक्याची तार, खालच्या अंगाला जलपर्णी आणि गाळ. सोपानराव चप्पल काढून कडेनं उतरून बघायला गेले तर मांडीपर्यंत रुतले. लव्हाळ्याला धरून धरून वर आले. सडका वास अंगाला चिकटला. रस्त्यानं जायचं तर तीन गावं फिरून, आणि बाईंचे पाय आत्ताच लटपटत होते.

"दादा, पूर आलाय का रं?"

"व्हय."

"आई वाट बगंल."

"उतरू दे पूर. उद्या जाऊ."

माघारी त्याच वाटेनं यावं लागलं. वाडा आला, गेणबानं चिखल बघितला आणि वाट सोडून बाजूला झाला. फॉरेस्ट संपलं, लिंबाचं झाड दिसलं, गोठा दिसला, आणि मालनबाईंचा पदर खाली यायचा तो नाकापर्यंत आला. पुढच्या अंगानं त्यांनी घर बरोबर ओळखलं. सासरचं, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचं.

सुलक्षणा तरी भाकरतुकडा घेऊन धावली. बाई अंगणाच्या कडेला खाली मान घालून उभ्या. सुलक्षणानं भाकरतुकडा ओवाळला, बाईंनी तिकडं बघितलंसुद्धा नाही. मग त्या वाकल्या आणि सोपानरावांच्या चिखलानं भरलेल्या पायांवर डोकं ठेवलं.

"मामंजी, आई लई आजारी हाय म्हणं. धाडा की ओ मला."

सोपानरावांनी सुनेकडं बघितलं. सुलक्षणानं तोंड फिरवलं. बाई वाकलेल्याच होत्या, आणि काही बोलल्याशिवाय उठणार नव्हत्या.

"कांदं झालं का धाडतो," सोपानराव म्हणाले.

आवाज त्यांच्या बापाचाच निघाला. बाई मुकाट्यानं उठल्या, गठुडं उचललं आणि मोठ्या माणसाचं ऐकणाऱ्या सुनेसारख्या आपल्या पायानं आत गेल्या. खोलीच्या कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसल्या. सुलक्षणानं हाक मारली, जेवायला वाढलं, तरी हलल्या नाहीत.

उद्या त्या पुन्हा निघणार होत्या. बांध उद्याही नव्हता.

"दे ते कुलूप," सोपानराव सुनेला म्हणाले.

"ऱ्हाऊं द्या आबा, आजच्या दिस."

"दे."

त्यांनी कडी घातली, कुलूप लावलं, एकदा ओढून बघितलं आणि किल्ली सुनेच्या हातात दिली. या आठवड्यात शेतीची लाईट दिवसाची होती. विहिरीवरच्या मोटरनं पाणी धरल्याचा आवाज आला. सोपानरावांनी पायाचा चिखल धुतला नाही, नाहीतरी पुन्हा भरणारच होता. खोरं खांद्यावर टाकलं आणि ते कांद्याला पाणी द्यायला गेले.