‘ब्रेक ठीक आहेत म्हणतोय, अण्णा’

हे मी बायकोलासुद्धा बोललेलो नाही. गावाकडं आईला नाही, आणि ज्या मामानं मला कोलकात्याला आणलं त्याला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखलंत तरी काय करणार आहात? नोकरी घालवाल? घालवा.

बघा, पहिल्याच वाक्यात भांडण. माझं असंच होतं. आतून घाबरलो की आवाज चढतो.

मी ड्रायव्हर आहे. विट्याकडचा. नववीत गणितात नापास झालो आणि परत वर्गात बसायची लाज वाटली, म्हणून शाळा सुटली. गरिबीमुळं सुटली असं लोकांना सांगतो. ते ऐकायला बरं वाटतं. मामा इथं बडाबाजारच्या एका गल्लीत सोनं गाळतो. आमच्या भागातली कितीतरी माणसं देशभर हेच काम करतात. मलाही त्यानं भट्टीपुढं बसवलं, पण ॲसिडच्या धुरानं छाती धरायला लागली. मग गाडी शिकलो, आणि एक दिवस शहराच्या दक्षिणेला, बेहाला भागातल्या एका फ्लॅटवर गेलो. बँकेतले मराठी साहेब, नुकतेच बदलून आलेले, त्यांना ड्रायव्हर पाहिजे होता. वहिनींनी विचारलं, “गाव कुठलं तुझं?” मी म्हटलं, विट्याजवळ. तशा त्या आत बघून ओरडल्या, “अहो, आपल्याकडचा आहे!”

झाली मुलाखत. लायसन्स कुणी बघितलंच नाही. त्या दिवशी वहिनींनी मला पिठलं-भाकरी वाढली. इतक्या दिवसांनी भाकरी बघून मी तिथंच डोळे पुसले, आणि त्यांनी बघितलं नाही असं दाखवलं. हे उपकार मी विसरलेलो नाही. पण उपकारांचं एक असतं — ते रोज अंगावर घालून फिरावं लागतं. तुम्ही कधी फिरलाय? नसाल फिरला तर पुढचं वाचताना नाक मुरडू नका.

‘आपल्याकडचा.’ ह्या एका शब्दावर माझी नोकरी उभी होती. गणपतीत इथल्या मराठी मंडळात सगळी कुटुंबं जमली होती, तेव्हा एक काकू मोदक खाता खाता म्हणाल्या, “ड्रायव्हर लोकांचं गॅरेजवाल्यांशी साटंलोटं असतं बाई. नसलेलं काम काढतात आणि वाटून घेतात.” वहिनी लगेच म्हणाल्या, “आमचा हणमंत तसला नाही. आपल्याकडचा आहे.” मी मागं खुर्च्या लावत होतो. कानशिलं गरम झाली.

कारण मी घेतलं होतं. एकदा. टायर बदलले तेव्हा निमाईदांनी खिशात घातलं — “मिठाई खा.” मी मागितलं नव्हतं. इथला रिवाज आहे, सगळेच घेतात. पण परत दिलंही नाही.

निमाईदा म्हणजे आमचे मिस्त्री. डायमंड हार्बर रोडच्या आतल्या गल्लीत त्यांचं गॅरेज. मला ‘बर्गी’ म्हणायचे. फार पूर्वी मराठ्यांच्या फौजा बंगालात लुटायला यायच्या, त्यांना इथले लोक बर्गी म्हणत. लहान मुलांना झोपवताना अजून आमची भीती घालतात. गाडी गल्लीत वळली की निमाईदा ओरडणार, “पळा रे, बर्गी आला! बोल, आज काय लुटणार?” मी म्हणणार, “तुमचा पाना.” असं आमचं चालायचं. मंडळातल्या बाकीच्या गाड्याही मीच त्यांच्याकडं नेल्या होत्या.

आता अण्णा. साहेबांचे वडील. पुण्याच्या शाळेत चित्रकला शिकवत होते, निवृत्त होऊन मुलाकडं आले. घरी दिवसभर कुणी नाही, खाली उतरावं तर सगळे बंगालीत बोलणार. म्हणून मी कुठंही निघालो की अण्णा चप्पल घालून तयार. मागं बसायचे नाहीत. “मागं बसून काय तुझी मान बघू?” म्हणायचे. पुढं माझ्याशेजारी बसून जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं चित्रं काढायचे — ट्रामच्या तारा, फुलवाल्या बायका, सिग्नलला जांभई देणारा पोलीस. माणसांचे हात त्यांना फार आवडायचे. “चेहरा खोटं बोलतो रे हणमंता, हात बघावा,” म्हणायचे. तेव्हा मला ते नुसतं म्हाताऱ्याचं बोलणं वाटलं होतं.

त्या दिवशीही अण्णा शेजारी होते. गाडीचं पेडल काही दिवसांपासून मला आवडत नव्हतं. सिग्नलला ब्रेकवर पाय ठेवून थांबलो की पेडल हळूहळू खाली जायचं, चिखलात पाय रुततो तसं. परत दाबलं की वर यायचं. पायाला कळत होतं. हे लक्षात ठेवा — माझ्या पायाला कळत होतं.

निमाईदांनी चाकं काढली, आत बघितलं, पेडल स्वतः दाबून बघितलं आणि कपाळाला आठी घातली. पॅड संपलेत, डिस्क झिजून पातळ झाल्यात, मागच्या चाकातून तेल गळतंय आणि मास्टर सिलिंडर गेलाय. सगळं एकदम बदलायचं. आणि आकडा सांगितला. मी म्हटलं, आत्ता नुसतं ब्रेकचं तेल भरून द्या. तसे ते चिडले. उजवा पंजा उपडा करून सावकाश खाली दाबत नेला, पार गुडघ्यापर्यंत — पेडल असं जाईल, आणि एक दिवस वर येणारच नाही. मग अण्णांकडं बोट करून बंगालीतच म्हणाले, ह्या म्हाताऱ्या बाबूंना घेऊन तर निघूच नकोस. गाडी इथंच सोड.

आणि मग, आवाज बारीक करून, “तुझंही राहील त्यात.”

झालं. इथं माझं डोकं फिरलं. एवढं मोठं काम — ते खरंच आहे, की माझा वाटा काढायचा म्हणून फुगवलंय? टायरच्या वेळी तरी टायर खरंच गेले होते का? जो माणूस मला खुशाल वाटा देऊ करतोय, त्याच्या शब्दावर साहेबांकडं हा आकडा कसा न्यायचा? साहेब दुसरीकडं विचारणार. कुणीतरी म्हणणार, एवढं कशाला? आणि मग मोदकवाल्या काकू, आणि मग वहिनींचं तोंड. मी बिल घेऊन दारात उभा आहे आणि वहिनी आतून ‘आपल्याकडचा’ म्हणत नाहीत — एवढंच मला दिसत होतं. ब्रेक दिसत नव्हते.

पण हे सगळं मी तुम्हाला शंका म्हणून सांगतोय, आणि ती शंका पुरी खरी नव्हती. पायाला कळत होतं म्हटलं ना?

खिडकीतून अण्णांनी विचारलं, “काय म्हणतोय रे तो?”

मी म्हटलं, “ब्रेक ठीक आहेत म्हणतोय, अण्णा. तेल भरलं की झालं.”

अण्णा निमाईदांकडं बघून हसले, मान हलवली. निमाईदांना वाटलं, म्हाताऱ्याला सगळं सांगून झालं, आणि मालकाचाच माणूस नुसत्या तेलावर भागवा म्हणतोय. त्यांनी तेल भरलं, चाकं बसवली, पाना आपटला आणि आत गेले.

पुढं काय झालं ते तुम्हाला कळलंच असेल. अण्णांना डोळे तपासायला नेत होतो. मेट्रोच्या खांबांच्या बाजूनं, सरळ रस्ता, वेगही फार नव्हता. पुढं ऑटो थांबली, तिच्यात एक बाई मूल घेऊन चढत होती. मी ब्रेक दाबला आणि पाय तळाला गेला. परत दाबला. काहीच नाही. हँडब्रेक ओढला, गाडी डावीकडं काढली आणि शहाळीवाल्याच्या सायकलगाडीवर घातली. तो उडी मारून बाजूला झाला म्हणून वाचला. शहाळी रस्ताभर घरंगळत गेली. लोक जमले, आणि त्या गर्दीत मला अण्णांचा आवाज ऐकू आला — बारीक, लाजल्यासारखा — “हणमंता, हात बघ रे जरा माझा.”

उजवा हात. त्यांनी डॅशबोर्डवर टेकवला होता, तो मनगटातून वाकडा झाला होता.

संध्याकाळी वहिनींनी दारातच आम्हा दोघांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. अण्णांवरून आणि — माझ्यावरून. “ह्यानं प्रसंगावधान दाखवलं म्हणून अण्णा वाचले,” असं त्या मंडळात सगळ्यांना सांगत होत्या. मला नवा शर्ट घेतला. तो मी घातला. आवडलाही. आता म्हणा काय म्हणायचं ते.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, “मिस्त्री तपासून ठीक म्हणाला होता ना? अण्णाही तेच सांगतायत.” अण्णांना जे मी सांगितलं होतं, तेच ते सांगत होते. खोटं माझं, साक्ष त्यांची. मी म्हटलं, “हो साहेब.”

साहेब मला घेऊन गॅरेजवर गेले. गल्लीत वळताना सवयीनं आतून आवाज आला, “बर्गी आला रे!” कामगार हसले. साहेबांना वाटलं आपल्याला हसतायत, ते आणखी भडकले. काय काय बोलले — माणसाच्या जिवाशी खेळता, पोलिसांत देईन. निमाईदांना आधी समजेचना. मग समजलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मोडक्या हिंदीत साहेबांना म्हणाले, “हम बोला था, बाबू. बुड्ढा बाबू को लेके मत जाओ, बोला था. पूछो इसको.”

साहेब वळले. “हणमंत?”

मी म्हटलं, “खोटं बोलतोय, साहेब.”

साहेबांनी पुढं काही विचारलंच नाही. निमाईदा हिंदीत खरं बोलत होते, मी मराठीत खोटं बोललो, आणि साहेबांना माझंच पटलं. पुरावा नको, शपथ नको. आपल्याकडचा. वहिनींनी मंडळाच्या ग्रुपवर मराठीत लिहिलं, ह्या गॅरेजमध्ये कुणी जाऊ नका. निमाईदांना ते वाचताही आलं नसतं. मंडळातली एकही गाडी परत तिकडं गेली नाही.

त्यांचं दुकान बंद पडलं, पोरंबाळं उपाशी मेली, असं काही मी सांगणार नाही. तसं झालेलं नाही. बेहालात गाड्यांना काय तोटा? रोज तिथून जातो, ते स्टुलावर बसलेले दिसतात. मला बघतात. आता ‘बर्गी’ म्हणून ओरडत नाहीत.

आणि गाडी दुसरीकडं नेली तेव्हा तिथल्या मिस्त्रीनं काय बदललं? पॅड, डिस्क, मागची गळती, मास्टर सिलिंडर. साहेबांनी बिल बघितलं आणि भरून टाकलं. अण्णांचं प्लास्टर बघितल्यावर कोण घासाघीस करतंय?

प्लास्टर निघालं, पण हात पहिल्यासारखा झाला नाही. अण्णा कॅलेंडर घेऊन बसायचे, रेघ थरथरायची. म्हणायचे, “ट्रामची तार आहे, हलणारच,” आणि हसायचे. मी गाडी चालवायचो. एक दिवस एस्प्लनेडकडं जाताना, काही विषय नसताना, त्यांनी डावा पंजा उपडा केला आणि सावकाश खाली दाबत नेला. पार गुडघ्यापर्यंत. हुबेहूब. मग विचारलं, “तो मिस्त्री त्या दिवशी हात असा का करत होता रे?”

आता सांगता आलं असतं. गाडीत आम्ही दोघंच. अण्णांनी साहेबांना सांगितलं असतं असंही नाही. माझी नोकरी गेली नसती बहुतेक. मग?

मी म्हटलं, “जॅक खाली घ्या म्हणत होता, अण्णा. कामगारांना.”

“असं होय,” अण्णा म्हणाले. कॅलेंडरचा कागद घडी करून खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी ते खाली आले, मागचं दार उघडलं आणि मागं बसले. साहेबांनी विचारलं, “अण्णा, आज मागं?” तर म्हणाले, “पाय पसरता येतात.” पुण्याला परत जाईपर्यंत ते मागंच बसत होते. विमानतळावर सोडायला गेलो तेव्हाही. उतरताना मला म्हणाले, “येतो, हणमंत.” एरवी हणमंता म्हणायचे.

मला वाईट माणूस म्हणायचं असेल तर म्हणा. त्यासाठी माझी परवानगी लागत नाही. निमाईदांच्या पाया पडायला मी जाणार नाही. साहेबांना सांगणार नाही. उद्या सकाळी गाडी पुसीन, साहेबांना ऑफिसला नेईन. ब्रेक चांगला लागतो आता, पाय ठेवला की लगेच. वहिनी अजून नव्या लोकांना सांगतात, हणमंत आपल्याकडचा. मी ऐकतो आणि दार उघडून उभा राहतो.