देव्हाऱ्यातला रिपोर्ट

“फार शांतपणे गेल्या हो तुमच्या अक्का...” महिना होऊन गेला, तरी भेटायला येणारे हेच म्हणतात आणि मला स्वतःची शिसारी येते. माझ्या थोरल्या बहिणीला गप्प बसायला मी लावलं, हे त्यांना कुठं ठाऊक आहे?

तिचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली होती. मेव्हणे गेल्यापासून ती जुळे सोलापुरात आमच्याकडेच राहायची. कंबर दुखतेय म्हणाली, तेव्हा डॉक्टरांनी पेट-सीटी करायला सांगितलं. एकाच मशीनमध्ये दोन तपासण्या. आधी किरणोत्सारी साखर टोचतात. आजार जिथं पसरला असेल तिथं ती साठते आणि चित्रात तेवढी जागा उजळते. अक्का हसली होती. “जन्मभर गोड खाऊ नको म्हणालास, आता सुईनं साखर घालायलेत की रे!”

रिपोर्ट मीच आणला. पार्किंगमध्ये स्कूटरवर बसून वाचला. मणक्यात, यकृतात... बारा दिवसांवर माझ्या मुलीचा साखरपुडा होता. बायको म्हणाली, “आधी शुभकार्य पार पडू दे.” मलाही तेच हवं होतं, तिच्यावर कशाला ढकलू? आमच्या घरात महत्त्वाचा कागद आधी देवापुढं ठेवतात. सवयीनं हात तिकडेच गेला आणि पाकीट मी देव्हाऱ्यातल्या लाल कापडाखाली सरकवलं. रोजची पूजा अक्का करते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. “रिपोर्ट अजून यायचाय,” मी तिला सांगितलं. “येऊ दे की, घाई काय हाय?” ती म्हणाली. मग कमरेला पट्टा बांधून तिनं पाहुण्यांसाठी शेंगाच्या पोळ्या लाटल्या आणि मी त्या चवीनं खाल्ल्या.

साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी पाकीट बाहेर काढलं. कोपऱ्यावर विभूतीची तीन बोटं उमटली होती. एकावर एक, रोजची. देवाला लावून झाली की ती पाकिटालाही लावत होती. उघडून वाचलं का, मी विचारलं नाही. चांगला रिपोर्ट कुणी दडवत नाही, एवढं तिला कळत होतं.

हे समजूनही मी सुधारलो नाही. डॉक्टरांनी रिपोर्टवरची तारीख बघून विचारलं, “इतके दिवस कुठं होता? उपचार तेव्हाच सुरू करता आले असते.”

“कालच मिळाला,” मी म्हणालो.

अक्का शेजारीच बसली होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, “व्हय डॉक्टर, कालच आला.”

आता पूजा मी करतो. लाल कापड झटकायला उचलतो, खाली काही नसतं. देवाला लावून उरलेली विभूती मी कपाळाला ओढतो आणि ऑफिसला जातो. तिथं लोक म्हणतात, “बहिणीचं किती केलंत हो तुम्ही!”