सुट्टीतलं मोठ्यानं वाचायचं पुस्तक

माझे कान मागांनी खाल्ले. लग्न होऊन वडगावात आले तेव्हा झोपायच्या खोलीला लागूनच पॉवरलूमची शेड होती. सकाळी बटण दाबलं की रात्रीची जेवणं होईपर्यंत खटाखट, खटाखट. एवढ्या कालव्यात कोण कुणाचं ऐकणार? आमच्याकडं माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलतात. सासूबाईंनी पलीकडच्या मागावरनं ‘कांड्या संपल्या गं’ म्हणायचं आणि मी त्यांच्या तोंडाकडं बघून सूत भरलेल्या कांड्या न्यायला उठायचं. बरीच वर्षं मला वाटायचं, आपण लई हुशार झालोय. मग एकदा माहेरी, उचगावला, अंगणात निवांत शेंगा फोडत बसले होते. पाठीमागनं आईनं हाकांवर हाका मारल्या आणि मला पत्ताच नाही. तेव्हा कळलं, हुशारी कसली, कान गेलेत. डॉक्टरनं मशीन दिलं, पण त्यातनं माणसाचं बोलणं येईना, नुसता गोंगाट यायचा. ते काढून ठेवलं.

म्हणून मला माणूस समोर लागतं. समोर बसून मराठीत बोला, कन्नडमध्ये बोला, मला सगळं कळतं. पाठ फिरवली की संपलं. माझी पोरगी नववीत गेली आणि तिनं पाठ फिरवली. भांडण नाही, रुसवा नाही. जाता जाता दाराकडं तोंड करून बोलायची, मोबाईलमध्ये मान घालून बोलायची. ‘इकडं बघून बोल की गं’ म्हटलं की कपाळाला आठ्या. मग मान वर करून ‘काय न्हाय गं’ एवढंच म्हणायची. हीच पोरगी लहान असताना माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवायची आणि मगच बोलायची.

दहावीच्या आधीच्या सुट्टीत तिच्या इंग्लिश मिडियमच्या शाळेनं एक फर्मान काढलं. इंग्रजीतलं एक जाडजूड कादंबरीचं पुस्तक सुट्टीत वाचून संपवायचं, तेही रोज पालकांसमोर बसून, मोठ्यानं. पालकांनी रोज कागदावर सही करायची. सही नसली तर मार्क नाहीत. कसलं डोकं म्हणायचं हे! आमच्या घरात इंग्रजी कळणारं कुणी नाही आणि पोरीचे पप्पा दिवसभर शेडमध्ये नाहीतर व्यापाऱ्याच्या दुकानात. राहिले मी. बहिऱ्या बाईला मोठ्यानं वाचून दाखवायचं! ह्यांना हसू आवरेना. पण खरं सांगते, मी आतनं हरखले होते. पोरगी रोज माझ्यासमोर बसणार होती, तोंड माझ्याकडं करून. शाळेनंच सांगितलंय म्हटल्यावर जाते कुठं?

दुपारची जेवणं झाल्यावर आम्ही दाराजवळ उजेडात बसायचो. ती वाचायची. इंग्रजी बोलताना ओठ कसे हलतात देव जाणे, मला एक शब्द धरता येईना. पण पोरीचं तोंड बघायला मिळत होतं. वरच्या ओठावरचा घाम, एकावर एक चढलेला दात. एवढ्या जवळनं किती दिवसांत बघितलं नव्हतं. वाचून झालं की मी म्हणायची, ‘आता मराठीत सांग की.’ आणि ती सांगायची! थंडीच्या मुलखातली दोन भावंडं. आई कामासाठी लांबच्या शहरात गेलेली. तिची पत्रं यायची बंद होतात, मग पोरं तिला शोधायला चालत निघतात. सांगताना हिचे हात हलायचे, डोळे मोठे व्हायचे. मी कांड्या भरताना त्या पोरांचाच विचार करत बसायची. जाऊबाईंनासुद्धा सांगितली गोष्ट. पोरं बर्फात वाट चुकतात तिथं एक दिवस तिनं पुस्तक मिटलं, तर मी ओरडलेच, ‘अगं थांब की, पुढं?’ ती हसली. ‘उद्या, आई.’ असं हसून ती माझ्याशी कधी बोलली होती, मला आठवेना. त्या दिवशी भाकरी थापतानासुद्धा मी एकटीच हसत होते.

मग सांगणं आखडत गेलं. ‘आज काय झालं?’ विचारलं की, ‘चाललेत अजून.’ दुसऱ्या दिवशी, ‘चाललेतच.’

‘एवढं घडाघडा वाचलंस आणि चाललेतच? कुठं, बेंगळूरला?’ मी म्हटलं. तिला हसू आलं नाही. कागद पुढं सरकवला. मी सही केली.

एकदा दुपारी करंट गेला म्हणून हे शेडमधनं पाणी प्यायला आत आले. तांब्या हातात धरून दारात थबकले. पोरीला म्हणाले, ‘काय गं, शाळेत मुक्याचं नाटक हाय व्हय?’

‘म्हणजे?’ मी विचारलं.

ते माझ्याकडं वळून सावकाश म्हणाले, ‘आवाज कुठाय तिचा? नुसतं तोंड हलवतीया.’

पोरीनं ह्यांच्याकडं बघितलं. तोंड अर्धंच दिसत होतं, तरी मला वाचता आलं. ‘आईला कुठं ऐकू येतंय पप्पा? मोठ्यानं वाचून काय उपयोग? घसा दुखतोय उगंच.’

खरंच होतं तिचं. कुणीही म्हणालं असतं, पोरगी बरोबर बोलतीया. हे पाणी पिऊन गेले. ‘कवापास्नं?’ मी विचारलं. तिनं खांदे उडवले आणि पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या ओठांऐवजी डोळ्यांकडं बघत बसले. डोळे ओळींवर नव्हतेच. पायाशी ठेवलेल्या मोबाईलवर होते. ओठ नुसते उघडत होते, मिटत होते, तान्ह्या पोराला खेळवताना करतो तसे. त्यात इंग्रजी नव्हतं, मराठी नव्हतं, काहीच नव्हतं. आणि मी समोर बसून मान डोलवत होते.

वाईट कशाचं वाटलं सांगू? लबाडीचं नाही. पुस्तक न वाचता मार्क मिळवणारी पोरं काय थोडी असतात! पण माझ्या पोरीनं माझ्यासमोर, माझ्या डोळ्यांदेखत बोलणं थांबवलं आणि ते मला दुसऱ्यानं सांगावं लागलं. कान गेले तेव्हा मी रडले नव्हते. ओठ आहेत की, म्हटलं होतं. त्या दुपारी मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. नळ आवाज लपवायला सोडतात म्हणे. माझा आवाज बाहेर गेला की नाही, मला काय कळणार?

ओरडायला हवं होतं. शाळेत येऊन सांगते म्हणायला हवं होतं. पण ओरडले तर ती उठून जाईल, हेही बसणं बंद होईल, या धास्तीनं मी गप्प राहिले. ती तोंड हलवायची, मी मान हलवायची. मग सही. बघणाऱ्यानं दोघींना वेड्यात काढलं असतं. त्या पोरांना आई भेटली का, ते मी विचारायचंही सोडून दिलं. काहीतरी ठोकून दिलं असतं तिनं, आणि मी ते खरं मानलं असतं.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी तिनं शेवटची सही घेतली. पुस्तक, कागद दप्तरात घातला. ती उठणार एवढ्यात मी तिचा हात धरला.

‘उद्यापण बस की गं जरा. पुस्तक नको. मैत्रिणींचं सांग, मोबाईलमधलं सांग, काय पण सांग. न्हायतर नुसतं तोंड हलीव.’

तिनं सरळ माझ्याकडं बघितलं. मला कळावं म्हणून ओठ मोठे करून, सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलली. ‘कशाला, आई? सह्या झाल्या की सगळ्या.’

रागानं नाही, समजुतीनं बोलली. मला अक्षर न् अक्षर कळलं.