गच्चीचं धोवन

आधी भागरताबाईचं नाव लिहिते. भंडाऱ्याजवळच्या शहापूरला हायवेच्या अलीकडच्या गल्लीत ती कवेलूच्या, म्हणजे कौलारू घरात एकटी राहायची, माग चालवायची. तिनं मला पाणी दिलं, आणि माझे वडील न्यायला येईपर्यंत घरात निजू दिलं. एवढंच केलं. पण त्या गावात एवढंही दुसऱ्या कोणी केलं नाही. म्हणून तिचं नाव पहिलं. बाकीच्यांची नावं मी लिहिणार नाही.

आता झालं ते सांगते.

मी टाक्यात उभी होते. अंगणाच्या पोटात बांधलेलं सिमेंटचं टाकं. वर चौकोनी तोंड, तेवढाच उजेड. उन्हाळ्याचे शेवटचे दिवस. काथ्यानं भिंती घासत होते, चुना लावून, परत घासून. चुन्यानं बोटांची कातडी सोलली होती. तोंडाजवळ मालकीणबाई वाकून बघत होत्या. त्यांना मी काकू म्हणायची.

"कोपरे घास. कोपऱ्यातच शेवाळ राहून जाते."

मी कोपरे घासले. आत उतरायला मीच लागायची. तोंड लहान होतं आणि घरात माझ्याएवढं बारीक कोणी नव्हतं. घासून, पुसून, शिडीनं वर आले. काकू हातात गडवा घेऊन उभ्याच होत्या.

"सरक."

मी सरकले. त्यांनी टाक्यात गोमूत्र शिंपडलं. चारही कोपऱ्यांत. मी विचारलं, "पूजा आहे का, काकू?"

"पूजा कायची? तुहे पाय लागले ना आत."

रागानं नाही म्हणाल्या. आभाळ भरून आलं, असं कोणी म्हणावं तशा म्हणाल्या आणि गडवा विसळायला निघून गेल्या.

मला तेव्हा राग आला नाही. हे मला नीट लिहायचं आहे. मला वाटलं, बरोबरच आहे. पाय तर लागलेच होते.

मी चिखल्याची. मँगनीजच्या खाणीचं गाव. माझे वडील खाणीत ठेकेदाराकडं होते, म्हणून आम्ही कॉलनीत नाही, कॉलनीच्या बाहेर झोपडीत. कॉलनीतल्या बायांचं भरून झालं की नळ आमचा. तोवर आम्ही गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे, घेऊन बसायचो. आमच्या बाया नळाला स्वतः हात लावायच्या नाहीत. कॉलनीतली कोणीतरी शेवटी सोडून द्यायची, आम्ही खालून धरायचो. याला कोणी काही म्हणत नव्हतं. असंच होतं.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यानंतर काही वर्षांतली ही गोष्ट. मी सातवी झाले आणि पुढचं घरी जमेना. वडिलांच्या ओळखीचा एक ट्रकवाला शहापूरच्या एका व्यापाऱ्याचा माल वाहायचा. त्या व्यापाऱ्याला गावात सगळे काकाजी म्हणायचे. काकाजींनी वडिलांना सांगितलं, "पोरगी आमच्याकडं राहील. घरातलं थोडंबहुत करील. आठवीत नाव घालून देतो." वडिलांनी हात जोडले. मीही जोडले. आईनं केसांना तेल लावून दिलं. मी उपकाराखाली आले होते आणि मला त्याचं ओझं वाटत नव्हतं. थंडीत कोणी अंगावर गोधडी टाकावी, तसं वाटायचं.

सकाळी फाटकासमोरून पोरी शाळेत जायच्या. मी अंगण झाडता झाडता बघायची. आता लवकरच, असं मनात म्हणायची. काकूंना विचारलं की त्या म्हणायच्या, "टाकं भरू दे. मग नाव घालू."

भंडाऱ्याला लोक तलावांचा जिल्हा म्हणतात. बाहेरच्याला सांगितलं तर खरं वाटत नाही की इथं उन्हाळ्यात बोअर आटते, विहिरीत नुसता चिखल राहतो. काकाजींची बोअरही उन्हाळ्यात कधी चालायची, कधी नुसती हवा ओढायची. म्हणून त्यांनी गच्चीचं पाणी अडवलं. गच्चीवरून पाइप खाली, पाइपातून रेती-कोळशाच्या पिंपात, पिंपातून टाक्यात. आजूबाजूच्या गावात कोणाकडं तसं नव्हतं. लोक बघायला यायचे. काकाजी दाखवायचे.

पहिल्या सरींचं पाणी मात्र टाक्यात जाऊ द्यायचं नसते. पाइपाच्या बुडाशी एक झाकण होतं. पाऊस आला की ते उघडं ठेवायचं. पाखरांची घाण, लिंबाचा पाला, हायवेची धूळ, सगळं गच्चीवरून धुऊन यायचं आणि बाजूच्या ड्रममध्ये पडायचं. पाणी निवळ आलं की झाकण घट्ट करायचं. हे काम माझ्याकडं होतं. चार दिवस उघाड पडली की परत तसंच.

त्या ड्रममधल्या पाण्याला काकू धोवन म्हणायच्या.

आमच्याकडं तांदूळ धुतल्यावर निघते ते धोवन. पांढरं असते, त्याला बरा वास असतो. ते ढोरांना ठेवतात. मला तो शब्द घरचा वाटला. ऐकून बरं वाटलं. हेही लिहून ठेवते.

मग काकू म्हणाल्या, "तुह्या मटक्यात ड्रममधलं भरत जा."

माझं मटकं परसात वेगळं होतं. मी फडक्यातून गाळून भरायची. गाळलं तरी रंग चहासारखा. जिभेवर धूळ यायची आणि आणखी काहीतरी, ज्याचं नाव मला घ्यायचं नव्हतं. एकदा मी काकूंना म्हटलं, "वास येते, काकू."

"वापरून घ्यायचं, बाई. पाणी वाया घालवू नये."

हे काकाजींचं वाक्य होतं. पाहुण्यांसमोर ते हेच म्हणायचे.

घरी एक गाय होती. एक दिवस तिची बादली रिकामी दिसली म्हणून मी ड्रममधलं पाणी तिच्यासमोर ठेवलं. आमच्याकडं धोवन ढोरांनाच देतात, म्हणून ठेवलं. काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या. एवढं धावताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"गाईले नको देऊ ते. दूध नासते तिचं."

त्यांनी स्वतः टाक्यातून बादली काढून दिली. मी ती गाईसमोर ठेवली. गाय पिऊन राहिली होती. मी बघून राहिले होते. पाणी इतकं निवळ होतं की बादलीचं बूड दिसत होतं.

मी परत ड्रमपाशी जाऊन माझं मटकं भरलं. शाळेत नाव घालायचं बाकी होतं.

मग पोट बिघडलं. परसाच्या कुंपणाशी वाकून ओकत होते. पलीकडून मागाचा खटखट आवाज यायचा, तो थांबला. भागरताबाई कुंपणाशी आली. तोवर आमचं बोलणं नव्हतं. ती सकाळी काकूंच्या बोअरवरून गुंड भरून न्यायची, मी बाजूला व्हायची, एवढंच.

"काय पिऊन राहिली माय तू?"

"धोवन."

"तांदळाचं?"

"गच्चीचं."

 ती कुंपणाचे काटे बाजूला करून म्हणाली, "ये इकडं."

मी तिच्या उंबऱ्याबाहेर बसले. ओंजळ केली, मान खाली घातली, वरून धार येण्याची वाट पाहिली. धार आली नाही.

"ओंजळ कायले करून राहिली?"

मी हात खाली घेतले.

"आत ये. ते मडकं. गडवा घे अन् बुडव."

"मी बुडवू?"

"मंग का मी? माह्या मागावरचा धागा तुटून पडला तिकडं, तुह्या पायी. बुडव लवकर."

मी गडवा बुडवला. हात मनगटापर्यंत पाण्यात गेला. थंड. मी हात तसाच ठेवला. दुसऱ्याच्या घरच्या मडक्यात माझा हात त्याआधी कधी गेला नव्हता.

"आता धुणं करतं का त्यात? काढ," ती म्हणाली.

मी प्यायले. माझ्यानंतर तिनं त्याच मडक्यातून त्याच गडव्यानं पाणी घेतलं, प्यायली, लुगड्याच्या पदरानं तोंड पुसलं आणि मागावर जाऊन बसली. काही शिंपडलं नाही. मडकं उपसलं नाही. मी दारात उभी राहून वाट पाहत होते, आता उपसेल, मी गेल्यावर उपसेल. ती धागा जोडत होती.

राग तिथं आला. काकूंच्या अंगणात नाही आला, तिच्या घरात आला. मला कळलं की असंही करता येते. आणि असं करता येते, तर मग ते सगळं कोणीतरी ठरवून केलेलं होतं.

श्रावणात बचतगटाच्या बाया आल्या. कारध्याच्या होत्या, आणखी दोन-तीन गावच्या होत्या. काकाजींनी गच्ची दाखवली, पाइप दाखवला, टाक्याचं झाकण उघडून दाखवलं. टाकं काठोकाठ होतं. आमच्याशी बोलताना तुले-मले बोलणारे काकाजी पाहुण्यांसमोर पुस्तकासारखं बोलायचे.

"हे निसर्गाचं देणं आहे. पाण्याला जात नसते, पाण्याला धर्म नसतो. थेंबही आम्ही वाया जाऊ देत नाही."

मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. एका वयस्क बाईनं ड्रमकडं बोट केलं. "अन् हे घाण पाणी? हे तं फेकतच असाल."

"नाही, नाही," काकू म्हणाल्या. "झाडाले होते. भांडे घासाले होते."

"अन् मले," मी म्हटलं.

मोठ्यानं नाही म्हटलं. पण सगळ्यांना ऐकू गेलं. त्या बाईनं कप उचलला होता, तो तसाच हातात राहिला. "म्हणजे?" तिनं विचारलं.

"माह्या मटक्यात तेच भरतात. प्यायले."

कोणीतरी हसलं. काकू म्हणाल्या, "खाणीवरची पोरगी आहे, बोलायचं वळण नाही." काकाजी टाक्याचं झाकण लावत होते, ते नीट बसत नव्हतं. बाया चहा अर्धा टाकून गेल्या. त्या बाईनं जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. पण गेली. त्यांच्यातलं कोणी परत आलं नाही.

काकाजींनी मला ओट्यावर बोलावलं. ओरडले नाहीत.

"उद्या काकूसंग कारध्याले जा. त्या बाईले सांग, गमतीनं बोलली म्हणून. सोमवारी तुहं नाव घालतो शाळेत. तुह्या बापाले शब्द देला आहे मी."

 मला शाळा हवी होती. किती हवी होती ते इथं लिहिता येत नाही. मी म्हटलं, "नाव घाला, काकाजी. मी काम सारं करीन. टाकंही घासीन. पण खोटं नाही सांगत."

"दोन्ही नाही होत."

 ते वाट बघत होते. मनात दहादा म्हणून पाहिलं, गमतीनं बोलली मी, गमतीनं बोलली. तोंडातून निघेना.

"मंग राहू द्या," मी म्हटलं.

बस. एवढंच बोलले. लोकांना वाटते नकार म्हणजे मोठं काही असते. माझा एवढाच होता आणि तो देताना मला रडू येत होतं.

काकूंनी माझी पिशवी फाटकाबाहेर ठेवली. मी ती उचलून भागरताबाईच्या दारात गेले. तिनं मागाच्या खोलीत वाकळ टाकून दिली.

निरोप गेला, वडील आले. ते आधी भागरताबाईकडं आले नाहीत, काकाजींच्या फाटकाशी गेले. हात जोडून उभे राहिले. फाटक उघडलं नाही. मी कुंपणाच्या अलीकडून बघत होते. खाणीत एवढाली ओझी उचलणारा माझा बाप त्या फाटकाशी किती लहान दिसत होता. परत आले आणि मला म्हणाले, "कायले तोंड उघडलं तू? पाणीच होतं ना?"

त्यांनी हात उगारला.

"दादा," भागरताबाई म्हणाली, "पोरीवर हात नका उचलू. खोटं नाही बोलली ते."

शाळा तिथंच संपली. चिखल्याला परत गेले, लोकांकडं कामं केली, मग ओळखीच्या एका बाईसोबत पुण्याला आले. इथं पोरींच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या करते. पोरी शिकतात, मी त्यांना वाढते. घर लांब आहे. शब्द लिहिताना भीती वाटते की चुकला असेल. मेसच्या मॅडमनी जरा मोठ्यानं हाक मारली तरी वाटते, आता पिशवी बाहेर ठेवतील. हे जात नाही. जाईल असंही वाटत नाही.

आणि एक गोष्ट मला पुष्कळ उशिरा कळली. शहापूरकडची एक पोरगी मेसवर कामाला आली, तिनं सांगितली. मी गेले त्याच आठवड्यात काकाजींनी भागरताबाईला बोअरवरचं पाणी बंद केलं. तेव्हापासून ती शाळेजवळच्या हँडपंपावरून आणते. गुडघे गेले आहेत, तरी आणते. पावसाळ्यात कवेलूच्या खाली गुंड मांडते, त्यात किती मावणार? तिनं मला कधी कळवलं नाही. मला बुडव म्हणाली आणि स्वतःचं पाणी घालवून बसली.

काकाजींनी माझी माफी मागावी असं मला वाटत नाही. मागितली तर मी ऐकायला थांबणार नाही.

मला भागरताबाईच्या दारात टाकं बांधायचं आहे. तिच्या छपराला दोन्ही बाजूंनी पन्हाळ, खाली रेती-कोळशाचं पिंप आणि उन्हाळाभर पुरेल एवढं टाकं. कसं बांधतात ते मला येते. अजून जमलेलं नाही. दर उन्हाळ्यात वाटते, या वर्षी, आणि होत नाही. तिचं वय झालं आहे. माझ्या हातून होईपर्यंत ती राहील का, ही धास्ती उठता-बसता असते. पण बांधीन. गवंडी मिळाला तर गवंड्याकडून, नाही मिळाला तर खड्डा मी स्वतः खणीन. कोणाला विचारून नाही, कोणाचा उपकार घेऊन नाही.

भागरताबाई, तुझं पाणी बंद झालं ते माझ्यापायी. ते मी तुझ्या दारात आणून देईन.